आई आणि बाई

गेल्या वर्षी मे महिन्यातील एका दुपारी आमच्या धर्मग्रामातील एक माता धर्मगुरुनिवासाच्या पडवीत येऊन बसली. कर्जत-खालापूरकडची उन्हाळी दुपार वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाची असेल. सह्याद्रीच्या पायथ्याशी वारा अगदी पडलेला असतो, पळसाचे पानही हलत नाही आणि घाट चढणाऱ्या गाडीची घरघर तेवढी दुरून ऐकू येत राहते. अशा उन्हातून कोणी चालत आले, म्हणजे कामही तसेच असणार. तांब्याभर पाणी पिऊन झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला : "फादर, आपल्या लेकरांना आपणच शिकवणे हा गर्व असतो का?"

हा प्रश्न तिने आम्हालाच का विचारला, हे आम्ही तत्काळ ओळखले, आणि ओळखताच मनोमन ओशाळलो. त्याआधीच्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या सुमारास, रविवारच्या प्रवचनात आम्ही म्हणालो होतो की, हल्ली काही सुशिक्षित पालक स्वतःला गुरुजनांहून शहाणे समजतात आणि मुलांना घरात कोंडून ठेवतात. नाव कोणाचे घेतले नव्हते. परंतु आमचे धर्मग्राम लहान आहे. ते कुटुंब तिसऱ्या बाकावर बसले होते आणि त्यांच्याकडे वळलेल्या नजरा आम्ही वेदीवरून पाहिल्या होत्या. त्या रविवारनंतरही ते कुटुंब नेमाने मिस्साला येत राहिले. आम्ही मात्र त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. ज्या घराविषयी आम्ही निर्णय दिला, त्या घराचा उंबरठा आम्ही ओलांडलेला नव्हता.

तिच्या प्रश्नाला त्या दुपारी आम्ही उत्तर दिले नाही. "आधी तुमचे घर पाहू द्या," एवढेच म्हणालो. त्या उन्हाळ्यात आम्ही तेथे पुष्कळदा गेलो. तेथे जे पाहिले व त्यावरून जो विचार सुचला, तो वाचकांपुढे ठेवण्याचे योजले आहे.

हे चौकोनी कुटुंब कर्जत तालुक्यात, पेज नदीपासून जवळच राहते. वडील खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर काम करतात. आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. मुलगी तिसरीत असताना वरचेवर आजारी पडू लागली, म्हणून तिला काही महिने घरी ठेवले. त्या महिन्यांत ती इतकी मोकळी झाली आणि पुस्तकांत अशी रमली की, आईवडिलांनी तिला घरीच शिकवायचे ठरवले. धाकट्याने तर शाळेची पायरीही चढली नव्हती. पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षेस बसवावे, असा त्यांचा बेत होता.

घरातील दिवसाची आखणी साधी होती. सकाळी अंगण झाडून झाले की छोटीशी प्रार्थना, मग न्याहारी, आणि नऊपासून बारापर्यंत मराठी, गणित व इंग्रजी. दुपारी वाचन, संध्याकाळी नदीकाठची फेरी, रात्री जपमाळ. अपूर्णांक धाकट्याला फळ्यावर कळले नाहीत. आईने तांदळाच्या डब्यातले शेर, अच्छेर आणि पावशेर ही जुनी मापे त्याच्यापुढे ठेवली आणि अर्ध्या तासात ते त्याला उमगले. हे सारे पाहून आम्हाला कौतुक वाटले. परंतु आम्ही दुसरेही पाहिले. स्वयंपाकघरात डाळ उतू जात असताना भागाकार शिकवणारी आई कावून जाते, आवाज चढवते आणि रात्री स्वतःलाच दोष देत बसते. तिला रविवार नाही, मधली सुट्टी नाही आणि मुलांच्या प्रगतीची शाबासकी देणारा कोणी वरिष्ठही नाही. चूक झाली तर मात्र सारे नातेवाईक तपासनीस होऊन येतात. आमच्यासारखे धर्मगुरूही त्यांत असतात.

उन्हाळ्यात या घराची खरी कसोटी लागते, हे आम्हाला तेथे गेल्यावर समजले. शाळेत जाणाऱ्या मुलांना सुट्टी लागते; ज्यांची शाळा घरातच आहे त्यांनी सुट्टी कशापासून घ्यावी? येथे सारा प्रकारच उलटा होतो. वर्षभर या दोन मुलांना सकाळच्या वेळी सवंगडी नसतात. मे महिन्यात गावातली मुले मोकळी होतात आणि या घराच्या ओटीवर गोळा होतात. तेव्हा आईने उन्हाळ्याचे उपक्रम आखले, ते आपल्या दोघांसाठी नव्हे, तर ओटीवर येईल त्या प्रत्येकासाठी.

पहिला उपक्रम वाळवणाचा. तांदळाच्या फेण्या, कुरडया आणि सांडगे घालताना किती पिठाला किती पाणी, वाफ म्हणजे काय, उन्हात वजन किती घटते, हे सारे मुलांनी वहीत टिपले. दुसरा उपक्रम शब्दांचा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून भातशेतीचे शब्द मिळवायचे. राब म्हणजे काय, तो भाजायचा कशासाठी, तरवा केव्हा काढायचा, हे आजीआजोबांना विचारून लिहायचे. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे आणि 'कर्जत' या नावाची भाताची वाणे कोकणभर पेरली जातात, हेही त्या निमित्ताने मुलांना समजले. आपल्या गावाचे नाव दुसऱ्याच्या शेतात उगवते, याचा त्यांना मोठा आनंद झाला.

तिसरा उपक्रम पाण्याचा. दोराला हातहातभर अंतरावर गाठी मारून वाडीच्या विहिरीतील पाण्याची पातळी रोज मोजायची आणि भिंतीवरच्या कागदावर खूण करायची. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीने तळ गाठला. आणि त्याच आठवड्यात पेज नदी वाहतच होती. यावर थोरलीने विचारले, "नदीत पाणी आहे, मग वाडीच्या विहिरीत का नाही?" आईला उत्तर देता आले नाही आणि तिने तसे कबूल केले. वडिलांनी कामावरून आल्यावर समजावले. घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवले आहे. ते पाणी डोंगरातून खाली भिवपुरीच्या वीजगृहात येते, वीज निर्माण करते आणि मग पेज नदीत सोडले जाते. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते. खोपोलीच्या वीजगृहाचे पाणीही असेच पाताळगंगेत जाते. ही वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पोरीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे पाणी आमच्या दारावरून जाते, पण आमच्याकडे येत नाही." तिच्या वहीत त्या दिवशी एवढेच एक वाक्य आहे. गणिताचा तास न्यायाच्या प्रश्नापाशी जाऊन थांबला होता.

पावसाळा तोंडावर आला, तशी वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबे वाडीत परतू लागली. आमच्या भागातले हे दरवर्षीचे चित्र आहे. एकेकाळी खैराच्या झाडापासून काथ करणारी ही जमात. जंगल हातचे गेले आणि हात विटांच्या चिखलात गुंतले. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबे भट्टीवर जातात ती मृगाच्या सुमारास परततात. मुलेही बरोबर जातात. शाळेच्या पटावर त्यांची नावे असतात, मुले नसतात. अशाच एका दहा वर्षांच्या मुलाशी आमच्या या धाकट्याची गट्टी जमली. खेकड्याचे बीळ कोणते आणि सापाचे कोणते, कोणता कंद उकडून खावा आणि कोणता शिवूही नये, हे त्या मुलाने त्याला शिकवले. धाकट्याला त्याच्यापुढे आपण अडाणी आहोत असे वाटले. मग एके दिवशी त्या मुलाला स्वतःचे नाव वाचता येत नाही, हे त्याच्या लक्षात आले. त्या रात्री त्याने आईला विचारले : "तोही शाळेत जात नाही, मीही जात नाही. मग आम्ही दोघे सारखेच का?"

त्याच सुमारास थोरलीनेही आपले मन उघड केले. जूनपासून आपल्याला शाळेत जायचे आहे, असे तिने सांगितले. आईने कारण विचारले. "मी शिकवलेले आवडत नाही का?" यावर मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली : "ओटीवर येणाऱ्या मुलींना शाळेत बाई रागावतात, मग त्या घरी येऊन आईजवळ रडतात. मला बाई रागावल्या, तर मी कोणाकडे जाऊ? माझी बाई आणि माझी आई एकच आहे."

हे ऐकून ती माता त्या दुपारी उन्हातून चालत आमच्याकडे आली होती. "गर्व असतो का?" या तिच्या प्रश्नामागे लेकीचे हे बोल होते, हे तिने आम्हाला पुढे सांगितले.

आता विचार करू. मुलांना शिकवण्याचा पहिला अधिकार कोणाचा, याबाबत ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. १९२९ साली पोप पायस अकरावे यांनी ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या परिपत्रकात, १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणविषयक घोषणापत्रात आणि १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कुटुंबावरील आपल्या प्रबोधनपत्रात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे. ज्यांनी जीव दिला तेच मुलांचे आद्य शिक्षक. त्यांची उणीव दुसरा कोणी सहजासहजी भरून काढू शकत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेत तर हे पालकांचे कर्तव्य आणि हक्क म्हणून नमूद आहे आणि शाळेला पालकांची प्रमुख साहाय्यकारी मानले आहे. मालक घर, मदतनीस शाळा, असा हा क्रम आहे. आमच्या प्रवचनात आम्ही तो उलटा करून बसलो होतो.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली आपल्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. त्यांच्या विद्वत्तेची कीर्ती जगभर गेली. पण त्यांची 'गीताई' कोणा प्राध्यापकाच्या सूचनेवरून लिहिली गेली नाही. संस्कृत न येणाऱ्या आईला गीता मराठीत समजून घ्यायची होती, त्या इच्छेतून ती उगवली. आमच्यापुरते सांगायचे, तर तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान आम्ही सेमिनरीत वर्षानुवर्षे शिकलो; पण क्रुसाची खूण करायला आम्हाला ज्या हाताने शिकवले, त्या हाताला सही करता येत नव्हती.

परंतु 'आद्य' म्हणजे 'एकमेव' नव्हे. ज्या परिपत्रकाचा उल्लेख वर केला, त्यातच पोप पायस अकरावे यांनी हेही सांगितले आहे की, कुटुंब स्वतःमध्ये परिपूर्ण नसते; आपल्या पूर्ण विकासासाठी लागणारी सारी साधने त्याच्यापाशी नसतात. म्हणून त्याला समाजाची आणि ख्रिस्तसभेची जोड लागते. हे वाक्य आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. त्याचा अर्थ आम्हाला खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीने शिकवला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ती ठाकर बांधवांची वाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. वाडीतली काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. घर किती पवित्र आहे हे सांगताना आम्ही ती रात्र विसरू शकत नाही. घर म्हणजे सर्वस्व मानले, तर ज्या दिवशी घर नाहीसे होते त्या दिवशी मुलाचे कोण? आईबाप कितीही थोर असले, तरी ते मर्त्य आहेत. आपल्यामागे मुलाला आधार देतील अशी माणसे त्याच्याभोवती जोडून ठेवणे हाही मातृत्वाचा आणि पितृत्वाचाच भाग आहे.

आता धाकट्याच्या प्रश्नाकडे वळू. दोघेही शाळेत जात नाहीत. मग दोघे सारखे का? बाहेरून पाहता सारखेच. दोघेही आईबापांबरोबर असतात, दोघेही आईबापांचे काम पाहून शिकतात. पण एकाच्या घरापुढे शाळेचे दार उघडे आहे आणि त्याने विचारपूर्वक आत जायचे टाळले आहे. दुसऱ्याच्या नशिबी ते दार आलेच नाही. एकाचे घरी राहणे हे स्वातंत्र्य आहे. दुसऱ्याचे भट्टीवर असणे हे कर्ज आहे. आपल्या राज्यघटनेत २००२ साली झालेल्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून त्यासंबंधीचा २००९ चा कायदा अमलात आला. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे तो कायदा सांगतो. घरच्या शिक्षणाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांना हा कायदा कधीकधी काचतो. तो पूर्वी आम्हीही त्यांच्या तोंडावर फेकत असू. आता आम्ही त्यांना एवढेच म्हणू : हा कायदा तुमच्यावर अविश्वास दाखवण्यासाठी झाला असे मानू नका, तो त्या दहा वर्षांच्या मुलासाठी झाला आहे. ज्याच्या वतीने बोलायला घर समर्थ नाही, त्याच्या वतीने समाजाने दिलेला तो शब्द आहे. तो शब्द अजून पुरा पाळला गेलेला नाही, ही खंत वेगळी.

मग ज्या घराला ही मोकळीक लाभली, त्याने काय करावे? याचे उत्तर आम्हाला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. त्या आमच्या पंथाच्या नव्हत्या, तरी प्रभूच्या होत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले, म्हणून समाजाचा रोष पत्करला आणि पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. त्या कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. पहाटे उठवून, मांडीवर घेऊन, पुस्तकावाचून, आईनेच त्यांना शिकवले. पुढे दुष्काळात आईवडील दोघेही गेले. भावाबरोबर पायी देश पालथा घालत त्या कलकत्त्यास पोहोचल्या. १८७८ साली तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. घरच्या शिक्षणाचा याहून मोठा विजय आपल्या इतिहासात क्वचितच असेल. परंतु रमाबाईंचे मोठेपण त्या पदव्यांत नाही. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात सोडलेल्या, टाकलेल्या मुलींना गोळा करून केडगावला आणले. आईने जे एकीला मांडीवर घेऊन दिले, ते त्यांनी शेकडो पोरक्या मुलींना दिले. सावित्रीबाई फुले यांचेही तेच. जोतीरावांनी त्यांना प्रथम घरीच शिकवले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या घरात मिळालेले घेऊन बाहेर पडल्या. ज्याला घरात विद्या मिळाली, त्याच्यावर जिला कोठेच मिळाली नाही तिचे ऋण असते. ही जाणीव असेल, तर घरचे शिक्षण हे दान आहे. ती नसेल, तर ते फक्त उंच कुंपण आहे. त्या मातेची ओटी मे महिन्यात सगळ्यांसाठी उघडी होती. याचा अर्थ, धाकट्याच्या प्रश्नाचे उत्तर ती प्रश्न विचारला जाण्याआधीच देऊ लागली होती.

थोरलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक विलक्षण कल्पना मांडली. मूल जन्मापूर्वी आईच्या उदरात असते. जन्मल्यानंतर, स्वतःची विचारशक्ती जागी होईपर्यंत, ते आईवडिलांच्या देखरेखीत असते, आणि ही देखरेख म्हणजे जणू आणखी एक आध्यात्मिक उदर होय. म्हणून आईबापांच्या इच्छेविरुद्ध मुलाला त्यांच्यापासून हिरावू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. पालकांच्या हक्काची याहून सुंदर बाजू कोणी मांडली नसेल. पण ही उपमा पुढेही नेता येते. उदराला मुदत असते. नऊ महिने जे उदर बाळाला जगवते, तेच मुदत संपल्यावर त्याला सोडणार नाही, तर दोघांच्याही जिवावर बेतते. या दुसऱ्या उदराची मुदत दिनदर्शिकेवर लिहिलेली नसते, एवढाच फरक. ती मूल स्वतः सांगते. आणि बहुधा आईला नको त्या वेळी सांगते.

संत लूक यांच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात ही वेळ आपल्याला दिसते. प्रभू येशूचे शिक्षण नाझरेथच्या घरात झाले. सुतारकाम जोसेफांकडून, प्रार्थना मरियेकडून. बारा वर्षांचा झाल्यावर तो जेरुसलेमला मागे राहिला आणि तिसऱ्या दिवशी मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसलेला सापडला. तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, असे संत लूक सांगतात. ज्याला शिकण्याची गरज नव्हती, तोही दुसऱ्याच्या पायाशी बसून ऐकतो. आणि त्याची आई? तिने ते तीन दिवस जीव मुठीत धरून काढले. पाहिल्यावर तिने जाब विचारला. त्याचे उत्तर तिला समजले नाही. ते तिने मनात जपून ठेवले. मग तो त्यांच्याबरोबर घरी परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. या कथेत मूल घर सोडूनही जात नाही आणि घरापुरते राहतही नाही. पवित्र मरियेलासुद्धा आपल्या मुलाच्या मनातले सगळे कळले नाही. मग आपल्या धर्मग्रामातील मातांनी ते कळलेच पाहिजे असा आग्रह का धरावा?

थोरलीच्या बोलण्यात आणखी एक सत्य आहे. तिला बाई हवी होती, याचे कारण तिला आई हवी होती. शिक्षकाला पारखावे लागते, चूक दाखवावी लागते, गुण द्यावे लागतात. आईने हे करू नये असे नाही. पण आईपाशी एक जागा अशी असावी लागते की, जेथे मूल नापास होऊन आले तरी त्याला पाट मांडलेला असतो. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलाचा हिशेब तपासला नाही, हे आपण दर चाळीसेत ऐकतो. दिवसभर पारखणाऱ्यालाच रात्री क्षमा करायची असेल, तर ते काम सोपे नाही. काही थोर मातांना ते साधते. पण ज्या घरांत मुले शाळेत जातात, तेथे ते साधते असे तरी कुठे आहे? मूल दारात आल्याबरोबर "किती मार्क मिळाले?" असे विचारणारी आई शाळेतली बाई होऊन बसलेली असते. तेथे मुलाला दोन बाया मिळतात आणि आई एकही नाही.

म्हणून गर्वाचा प्रश्न आम्ही असा सोडवतो. आपल्या लेकरांना आपण शिकवणे हा गर्व नव्हे. ते आपले पहिले कर्तव्य आहे. आपल्याशिवाय दुसरा कोणी त्यांना काही देऊ शकणार नाही, असे मानणे हा गर्व आहे. आणि त्याच्या उलट टोकाला आळस आहे : फी भरली, दप्तर घेऊन दिले, शिकवणी लावली, रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवले, की आपले कर्तव्य संपले असे समजणे. पहिले पाप आमच्या धर्मग्रामात फार तर एखाद्या घरात शोधावे लागेल. दुसरे शोधावे लागत नाही. तरी आम्ही प्रवचनात बोललो ते पहिल्याविरुद्ध. कारण ते एकटे होते आणि तिसऱ्या बाकावर बसले होते.

हे उत्तर आम्ही त्या मातेला जूनच्या पहिल्या आठवड्यात, तिच्याच ओटीवर बसून दिले, आणि आमच्या त्या प्रवचनाबद्दल दोघा पतिपत्नींची क्षमा मागितली. पुढच्या रविवारी वेदीवरूनही मागितली. कारण दुखवले होते ते सर्वांसमक्ष. ती म्हणाली, "म्हणजे माझी इतकी वर्षे वाया गेली नाहीत ना, फादर?" आम्ही भिंतीवरच्या विहिरीच्या नोंदींकडे बोट दाखवले. दारावरून जाणाऱ्या पाण्याविषयी ज्या मुलीला प्रश्न पडतो, तिची वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?

शाळा उघडल्यावर मुलगी शाळेत जाऊ लागली. वयाला साजेशा वर्गात प्रवेश देण्याची तरतूद कायद्यात आहे, त्यामुळे फारशी अडचण आली नाही. धाकटा अजून घरीच शिकतो. वाडीतला तो कातकरी मुलगा संध्याकाळी ओटीवर येऊन अक्षरे गिरवू लागला. त्याला स्वतःचे नाव लिहिता येऊ लागले. दिवाळीनंतर तो पुन्हा भट्टीवर गेला. त्याचे काय झाले, हे आम्हाला या मे महिन्याअखेर कळेल. ही गोष्ट येथे गोड करून सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

शाळेच्या पहिल्या आठवड्यात थोरली एकदा रडत घरी आली. वहीला समास सोडला नाही म्हणून बाई वर्गापुढे रागावल्या होत्या. तिच्या आईने आम्हाला नंतर सांगितले, "फादर, समास का सोडायचा, हे माझ्या अगदी ओठांवर आले होते." मग? "मग काय, भाकरी वाढली आणि जवळ बसले."

वाचकहो, आता उन्हाळा जवळ आला आहे. आपल्या मुलांना महिना-दीड महिना सुट्टी लागेल. तेवढे दिवस तरी आपण सर्वच घरी शिकवणारे पालक असणार आहोत, मग ते आपल्या ध्यानात असो वा नसो. एखादी विहीर मोजा, एखाद्या आजीला जुने शब्द विचारा, वाळवणाला मुलांचे हात लागू द्या, आणि मुलाने न येणारा प्रश्न विचारला तर "मला ठाऊक नाही" म्हणायला लाजू नका. ओटी असेल तर ती शेजारच्यांसाठी उघडा. आमच्या धर्मगुरुनिवासाची पडवी या मे महिन्यात रोज दुपारी चार ते सहा मुलांसाठी उघडी राहील. वाडीवरच्या मुलांनाही निरोप दिला आहे. शिकवणाऱ्या दोघी-तिघी हव्या आहेत. ज्या येतील त्यांनी आपली मुलेही बरोबर आणावीत.